मेलबर्नला मुलांकडे जाताय? एक दिवस मॉर्निंग्टनच्या द्राक्षमळ्यांना द्या: संत्रावाल्यांसाठी सविस्तर वाटाड्या

आमच्या वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यातले बरेच आईवडील आता मेलबर्नला जाऊन येतात. कुणाच्या लेकीचं बाळंतपण असतं, कुणाच्या नातवाचा वाढदिवस. परत आल्यावर विचारलं की म्हणतात, "चांगलं होतं बावा, पण करमत नव्हतं." करमणार कसं? जन्मभर बगीच्यात वावरलेला माणूस काचेच्या खिडकीतून किती दिवस रस्ता बघत बसणार? आम्ही दोघं गेलो तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात लेकीनं ते ओळखलं आणि गाडीत बसवून आम्हाला मॉर्निंग्टन पेनिन्सुलाला नेलं. तिथं मी बांधावर उभा राहिलो आणि कितीतरी दिवसांनी कुणीतरी आपल्या भाषेत बोलतंय असं वाटलं. त्या एका दिवसाची तयारी कशी करायची, तिथं काय बघायचं आणि काय उचलून आणायचं, ते सगळं इथं सांगतो.

आधी ती जागा समजून घ्या

मेलबर्नपासून तास-सव्वा तासाच्या अंतरावर तीन बाजूंनी समुद्र असलेला हा पट्टा आहे. पश्चिमेला पोर्ट फिलिपचा उपसागर, पूर्वेला वेस्टर्न पोर्ट आणि दक्षिणेला बास सामुद्रधुनी. वारा कुठूनही आला तरी पाण्यावरूनच येतो. मे महिन्यात विहिरीकाठच्या कडुनिंबाखाली बसल्यावर अंगाला जो फरक जाणवतो, तो त्या अख्ख्या भागाला फुकट मिळतो. जानेवारी हा तिथला भर उन्हाळा, आणि त्या महिन्याचं सरासरी तापमान २० अंशांच्या आसपास. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, हे आठवून तो आकडा वाचा.

थंडाव्यानं काय होतं? द्राक्ष सावकाश पिकतं. साखर हळूहळू चढते आणि आंबटपणा टिकून राहतो. उन्हाळा कडक असला की साखर झपाट्यानं भरते, आंबटपणा मात्र जळून जातो आणि रस मिळमिळीत लागतो. आपल्याला हे नवीन नाही. आंबियाचं, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या बहाराचं, फळ ऑक्टोबरात साल हिरवी असतानाच आतून गोड झालेलं असतं. पावसाच्या सुरुवातीला फुलणाऱ्या मृगाचं फळ थंडीच्या रात्री खाऊन येतं म्हणून रंगही धरतं आणि चवही. थंड रात्रीची किंमत संत्रावाल्याला शिकवावी लागत नाही.

त्या हवामानामुळेच तिथलं मुख्य पीक पिनो न्वार हे काळं द्राक्ष. पातळ सालीचं, लवकर पिकणारं, उन्हाला नाजूक. त्याच्या जोडीला शार्डोने आणि पिनो ग्री ही पांढऱ्या वाइनची द्राक्षं. एल्जी पार्क इथं १९७२ मध्ये वेल लावले गेले, मेन रिज इस्टेट १९७५ मध्ये सुरू झाली. म्हणजे हा सगळा पसारा पन्नासेक वर्षांचा आहे. आपल्या बगीच्यांना त्याहून जास्त वर्षं झाली.

त्याआधी तिथं काय होतं? सफरचंद. रेड हिल हे गाव सफरचंदाच्या बागांचं. कापसासाठी जशी आपली शकुंतला रेल्वे, तशी रेड हिलपर्यंत १९२१ मध्ये रेल्वेची फांदी टाकली होती. ती १९५३ मध्ये बंद पडली. पुढे १९७३ मध्ये ब्रिटन युरोपच्या सामायिक बाजारपेठेत गेला आणि ऑस्ट्रेलियाच्या सफरचंदाचं मोठं हुकमी गिऱ्हाईक हातचं गेलं. हे ऐकताना मला आपला बांगलादेश आठवला. नागपुरी संत्र्याचा सर्वांत मोठा परदेशी खरेदीदार, त्यानं आयात शुल्क वाढवत नेलं आणि इकडे वरुडला हजारी भाव, म्हणजे हजार फळांमागचा दर, बसला. ज्या टेकड्यांवर सफरचंद होतं तिथं आज गिऱ्हाईक स्वतः गाडी चालवत, पेट्रोल जाळत, मळ्यात येतं आणि माल मळ्यातच विकला जातो. तिथं जायचं ते हे बघायला. वाइन प्यायला पाहिजे असं काही नाही.

दारूचा प्रश्न मोकळेपणानं

हे लिहिताना मला जपून बोलावंसं वाटतं. आपल्या भागात दारूनं घरं बसलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून आहे, आणि गडचिरोलीची बंदी लोकांच्या चळवळीतून आली आहे. आमच्या घरात बाटली कधी आली नाही. तरीही मी त्या मळ्यांत दिवसभर फिरलो आणि कुठंही अवघडलो नाही. "मी घेत नाही, फक्त वास घेऊन बघतो," असं लेकीनं काउंटरवर सांगितलं. त्या बाईंनी मान डोलावली आणि माझ्यापुढे तेवढ्याच आदरानं ग्लास ठेवला. चूळ भरून टाकण्यासाठी तिथं भांडं ठेवलेलं असतं. चाखून थुंकणं हे तिथं धंद्यातल्या माणसाचं लक्षण समजतात, अपमान नव्हे.

परतताना एखादी बाटली भेट म्हणून आणणार असाल तर भारतात माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं. पण ती वर्धा किंवा गडचिरोलीत न्यायची नाही.

कधी जायचं: बहार बघून ठरवा

तिकिटं काढताना मुलं आपल्या सुट्ट्या बघतात. तुम्ही आपला बहार बघा.

आंबिया धरत असाल तर तोड आटोपून बाग ताणावर सोडली की डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत पाणी द्यायचंच नसतं. बगीच्याला आपली गरज नसलेला वर्षातला एवढाच काळ. तेव्हा तिकडे उन्हाळा असतो, वेल हिरवेगार, मणी लहान आणि कडक. एकच अडचण म्हणजे नाताळनंतर त्यांच्याही शाळांना सुट्ट्या असतात आणि किनाऱ्याकडे जाणारे रस्ते गाड्यांनी भरून जातात. शनिवार-रविवार टाळा.

मृग धरत असाल तर मार्चअखेर माल निघाल्यावर जा. तोडणी फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत चालते, तिचा शेवट पाहायला मिळतो. एप्रिलमध्ये पानं पिवळी पडू लागतात, गर्दी उतरते, आणि इकडे ४२ अंशांत भाजायचं ते चुकतं. मला विचाराल तर हा काळ सर्वांत चांगला.

जून ते ऑगस्ट तिकडे थंडी. वेल उघडे, छाटणी चालू. छाटणी शिकायची असेल तरच जा, कारण समुद्रावरचा ओला वारा आपल्या हाडांना झेपत नाही. नाशिकला द्राक्षाची एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी अशा दोन छाटण्या होतात. तिकडे वेल थंडीत स्वतःच झोपतो, म्हणून छाटणी एकदाच.

ऋतू कुठलाही असो, स्वेटर गाडीत ठेवा. सकाळी ऊन, दुपारी पाऊस, संध्याकाळी बोचरा वारा असं एकाच दिवसात होतं.

निघण्याआधी: चपला-बूट धुवा

हे कुणी सांगत नाही आणि शेतकऱ्यासाठी हेच महत्त्वाचं आहे. ऑस्ट्रेलियात उतरताना एक कार्ड भरावं लागतं. गेल्या ३० दिवसांत शेतावर गेला होता का, असा प्रश्न त्यात असतो. आपलं उत्तर "हो" आहे, आणि "हो"च लिहायचं. खरं लिहिल्यानं काही बिघडत नाही. अधिकारी बूट बघतात, विचारपूस करतात आणि सोडतात. खोटं लिहून तळव्याला काळी माती सापडली तर मोठा दंड होतो. म्हणून निघण्याच्या दोन दिवस आधी बूट ब्रशनं घासून, तळव्याच्या खाचांतली माती काडीनं काढून, कडक उन्हात वाळवा. संत्री, बियाणं, कलमाची काडी यातलं काहीच बॅगेत नको. लोणचं, सांडगे, पापड नेत असाल तर कार्डावर जाहीर करा.

गाडी, पल्ला आणि वेळ

फ्रँकस्टनपर्यंत लोकल जाते आणि तिथून ७८८ नंबरची बस किनाऱ्यानं पोर्टसीपर्यंत. पण मळे आतल्या टेकड्यांवर, रेड हिल, मेन रिज, मेरिक्स या गावांभोवती आहेत. तिथं बसच्या भरवशावर राहू नका, गाडीच पाहिजे. जो गाडी चालवणार त्यानं दिवसभर चाखायचं नाही, हे सकाळीच ठरवा. व्हिक्टोरिया राज्यात रक्तातल्या मद्याची मर्यादा ०.०५ आहे, शिकाऊ आणि नव्या परवान्यावर शून्य. रस्त्यात अडवून तपासतात.

मळे दोन, फार तर तीन. आमच्या लेकीनं उत्साहानं पाच लिहून ठेवले होते. तिसऱ्यापर्यंत बायकोचे पाय दुखायला लागले आणि सगळीकडचं सारखंच दिसायला लागलं. आधी नोंदणीही करा, विशेषतः जेवणाची. एका ठिकाणी आम्ही न सांगता गेलो, जागा नव्हती, आणि भर दुपारी डब्यातल्या दशम्या गाडीत बसून खाल्ल्या. दशम्या न्याच, शाकाहारी माणसाला त्यांचा आधार होतो.

काउंटरवर काय करायचं

मळ्याच्या विक्रीघराला तिथं सेलर डोअर म्हणतात. चाखायला बहुतेक ठिकाणी पैसे घेतात, माणशी पंधरा-वीस डॉलरपासून पुढे, आणि बाटली विकत घेतली की बऱ्याच ठिकाणी ते वळते करतात. चार-पाच वाइन ओळीनं, प्रत्येकी दोन घोट. आधी पांढऱ्या, मग लाल.

ग्लास दांडीला धरा, पोटाला नको, हाताची ऊब लागते. आधी पांढऱ्या कागदावर तिरपा धरून रंग बघा. पिनो न्वारचा रंग गडद नसतो, आरपार दिसतं, आमसुलाच्या सारासारखा. साल पातळ असल्याचा तो पुरावा. मग ग्लास टेबलावरच गोल फिरवा आणि नाक आत घाला. मला पहिल्यांदा चेरीसारखा वास आला, आणि मागून पहिल्या पावसानंतर बांधावरच्या पालापाचोळ्याचा. मी तसं लेकीला बोललो, तिनं इंग्रजीत सांगितलं, आणि काउंटरवरच्या बाई एकदम खुलल्या. त्यांनीही नेमका तोच वास सांगितला. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो: इंग्रजी शब्द शोधू नका. कैरी, चिंच, ओला पाला, भाजलेलं शेंगदाण्याचं टरफल, जे आठवेल ते म्हणा. जन्मभर माल हुंगून पारखणाऱ्या माणसाचं नाक चांगलंच तयार असतं.

शार्डोने थोडं लाकडाच्या पिंपात मुरवलेलं असतं, त्याला लोण्याचा किंवा भाजलेल्या बदामाचा वास येतो. पिनो ग्री आणि पिनो ग्रिजियो ही नावं वेगळी दिसली तरी द्राक्ष एकच, फक्त करण्याची तऱ्हा वेगळी.

बांधावरून बघा, ओळीत शिरू नका

आता आपल्या आवडीचा भाग. वेलांच्या ओळी दिसल्या की पाय आपोआप आत वळतात. माझेही वळले, आणि मागून एक तरुण पळत आला. त्यानं हात जोडल्यासारखं करून थांबवलं आणि पाटी दाखवली. कारण फिलॉक्सेरा. मुळांवर जगणारी माव्यासारखी पिवळसर बारीक कीड, बुटाच्या मातीतून एका मळ्यातून दुसऱ्यात जाते. मेलबर्नच्याच दुसऱ्या बाजूच्या यारा व्हॅलीत ती २००६ मध्ये सापडली. तिच्यावर औषध नाही. उपाय म्हणजे तिला दाद न देणाऱ्या खुंटावर कलम. ऑस्ट्रेलियातले पुष्कळ वेल मात्र अजून स्वतःच्याच मुळांवर उभे आहेत, म्हणून एवढी काळजी.

लेकीनं हे सगळं उलगडून सांगितल्यावर बायको म्हणाली, "अवं, हे तं आपल्या जंभेरीवानीच झालं!" अगदी तेच. आपलं संत्रही आपण दुसऱ्याच्या मुळावर, जंभेरी किंवा रंगपूर या लिंबांच्या खुंटावर, बांधतो. डिंक्यानं, म्हणजे खोडातून डिंक गळणाऱ्या रोगानं, झाड गेलेलं ज्यानं पाहिलंय, त्याला त्या पोराचं धावत येणं लगेच कळेल. तेव्हा विचारल्याशिवाय ओळीत पाऊल नको, आणि "मी संत्र्याचा शेतकरी आहे" हे सांगा. मी सांगितलं, तर तोच तरुण अर्धा तास बांधाच्या कडेनं माझ्यासोबत चालला.

त्यानं जे दाखवलं त्यातलं हे नक्की बघा. सकाळचं कोवळं ऊन येणाऱ्या बाजूची पानं घडाभोवतीनं तोडलेली असतात आणि दुपारच्या बाजूची राखलेली. मी हात लावून बघितलं: एका बाजूला बोटभर देठ उघडे, घड दिसतोय, वारा खेळतोय, आणि दुसऱ्या बाजूला पानांची छत्री. समुद्राच्या दमट हवेत बुरशी लागू नये आणि साल भाजूही नये म्हणून ही तजवीज. आपल्या दाट, आतून अंधाऱ्या झाडांत पानसोट, म्हणजे फळ न धरणारे जोमदार फुटवे, काढायला आपण किती टाळाटाळ करतो, ते मला तिथं टोचलं.

माल पिकायला लागला की ओळींवर पांढऱ्या जाळ्या चढवतात, पाखरांसाठी. घड दाट झाले तर काही कापून जमिनीवर टाकतात. चांगल्या पिनोसाठी एकरी दोन टनांच्या आसपासच माल ठेवतात हे ऐकून माझा विश्वास बसेना. तोडणीची वेळ ब्रिक्स, म्हणजे रसातल्या गोडीचं माप, मोजून ठरते: आपल्या संत्र्याचा १० ते १२ च्या घरात असतो, त्यांचं द्राक्ष २२-२४ ला तोडतात. आणि माती बघा. रेड हिलवर ज्वालामुखीची तांबडी माती, मूरूडकच्या सखल भागात पिवळसर गाळाची. एकाच द्राक्षाच्या दोन ठिकाणच्या बाटल्या वेगळ्या विकतात, वर मळ्याचं नाव लिहून. काटोलचं, वरुडचं, अचलपूरचं संत्र चवीला सारखं नाही हे आपल्याला ठाऊक आहे, पण मंडीत सगळं एकाच ढिगात जातं. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी पेटीवर बगीच्याचं नाव कुणी लिहीत नाही.

नावावरून आठवलं, तिथल्या एका मळ्याचं नावच "टेन मिनिट्स बाय ट्रॅक्टर" आहे. तीन कुटुंबांचे तीन मळे, एकमेकांपासून ट्रॅक्टरनं दहा मिनिटांवर. तेच नाव बाटलीवर. पाहुणा नाव वाचतो, विचारतो, गोष्ट ऐकतो आणि बाटली घेऊन जातो.

वाइनखेरीज

मेन रिजला स्ट्रॉबेरीच्या एका मळ्यावर नोव्हेंबर ते एप्रिल लोक स्वतः फळ तोडतात. माझ्या मते हे वाइनपेक्षाही आधी बघावं. शहरातली माणसं पैसे देऊन वाकून मजुरी करतात आणि हसतमुखानं घरी जातात. आर्थर्स सीट या सुमारे ३०० मीटरच्या डोंगरावर पाळण्यातून जाता येतं, वरून सगळा उपसागर दिसतो. केप शँकला १८५९ चा दीपस्तंभ आहे. फिंगलला गरम पाण्याचे कुंड आहेत, उनकेश्वरसारखे, फक्त पाणी सहाशे मीटरहून खोल बोअरमधून वर घेतलेलं. पाय दुखत असतील तर तिथं एक तास बसा.

परत आल्यावर: पहिला रविवार

तिथलं बघून आम्हीही मागच्या नोव्हेंबरात बगीच्यात पाहुणे बोलवायला सुरुवात केली, तीही छोटी. सगळा बगीचा पाहुण्यांना उघडू नका. रस्त्याकडच्या दोन ओळी ठोक विक्रीतून वगळा आणि व्यापाऱ्याला सौदा करतानाच तसं सांगा. आम्ही उशिरा सांगितलं, त्यावरून वाद झाला आणि भाव कापला गेला. त्या ओळींवर तोडणीच्या महिनाभर आधीपासून फवारणी बंद ठेवा, औषधाच्या डब्यावर लिहिलेला कालावधी त्याहून जास्त असेल तर तो पाळा, कारण पोरं फळ न धुता तोंडात घालतात.

आधी संडास, मग बाकी सगळं. स्वच्छ, पाण्याची सोय असलेला, बायकांना निर्धास्त जाता येईल असा. याच्याशिवाय अमरावती-नागपूरचं कुटुंब दुसऱ्यांदा येत नाही. सावलीला आंब्याखाली सतरंज्या पुरतात. जेवायला रोडगे, वांग्याची भाजी, वरण. गोवऱ्यांवर रोडगे भाजताना बघायलाच माणसं गोल करून बसतात. संख्या आदल्या दिवशी सांगायला लावा आणि थोडे पैसे आधी घ्या. पहिल्या रविवारी आम्ही चार कुटुंबंच बोलावली, जास्त झेपली नसती.

संत्र हजारावर नाही, किलोवर विका, आणि तोडलेलं घेतलंच पाहिजे हे आधी बोलून ठेवा. हा उद्योग वाढवायचा असेल तर राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं आहे, नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. एक-दोन हंगाम झाल्यावर तिकडे वळा.

फळ तोडायला प्रत्येकाच्या हातात कात्री द्या. ओढून तोडलं की देठाजवळची साल फाटते आणि दोन दिवसांत तिथून बुरशी धरते. मी पहिलं फळ स्वतः कापून दाखवतो: डाव्या तळहातावर फळ तोलून धरायचं, देठाची टोपी फळालाच राहील एवढं जवळून कापायचं, आणि मग ते फळ ज्याच्या हाती कात्री आहे त्यालाच तिथंच सोलायला सांगायचं, झाडाखाली उभं राहून.